छर्रा, जिलेटिन आणि साडेआठ सेंटीमीटर

जिलेटिन हा शब्द मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाला बहुधा भेटतो तो खाणीतल्या स्फोटाच्या किंवा पोलिसांनी पकडलेल्या साठ्याच्या बातमीत. 'जिलेटिनच्या कांड्या' हा त्या बातम्यांतला ठरलेला शब्दप्रयोग. गंमत अशी की त्या कांड्यांमध्ये खरे जिलेटिन नसतेच. नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवले की जेलीसारखा लगदा तयार होतो. आल्फ्रेड नोबेल यांनी १८७५ मध्ये तो सिद्ध केला आणि केवळ रूपसाधर्म्यामुळे त्याला जिलेटिनचे नाव चिकटले. खरे जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्यातील आणि हाडांतील कोलॅजेन या प्रथिनापासून काढलेला, औषधाच्या कॅप्सूलपासून जेलीच्या वाटीपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा निरुपद्रवी पदार्थ. या निरुपद्रवी जिलेटिनचाही बंदुकीशी एक जुना आणि महत्त्वाचा संबंध आहे. गोळी माणसाच्या शरीरात किती खोल शिरेल, याचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा जिलेटिनच्याच ठोकळ्यावर गोळ्या झाडतात.

'मिथबस्टर्स' या दूरचित्रवाणी मालिकेने असा पिवळसर, थरथरणारा ठोकळा घरोघरी पोचवला आणि त्यानंतर हौशी मंडळींनी तो स्वयंपाकघरात बनवायला सुरुवात केली. रायफल वा पिस्तूल फार थोड्यांच्या हाती असते. त्यामुळे या घरगुती ठोकळ्यांवर सर्वाधिक मारा होतो तो एअरगनचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला छऱ्याची बंदूक म्हणतात तिचा. जत्रेत फुगे फोडणारी ही बंदूक खेळणे आहे की शस्त्र, हा प्रश्न त्यामागे असतो. त्याचे उत्तर जिलेटिन देऊ शकते, पण ठोकळा नेमका झाला असेल तरच. तो तसा झाला आहे की नाही हे ठरवण्याची अधिकृत कसोटीही एअरगनच्याच गोळीने घेतली जाते.

मांसाची प्रतिकृती

गोळीच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. थायरॉइड ग्रंथीवरील कामासाठी १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी त्या काळात निरनिराळ्या पदार्थांवर गोळ्या झाडून त्यांचा परिणाम पाहिला. त्यांत जिलेटिनही होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे न्यूटन हार्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने पुढे नेले. गोळी जाताना मागे क्षणभर फुगून लगेच मिटणारी तात्पुरती पोकळी कशी निर्माण होते, हे त्या छायाचित्रांतून स्पष्ट झाले.

तरीही जिलेटिनचे नेमके मिश्रण कोणते आणि ते कोणत्या तापमानाला वापरायचे, यावर एकवाक्यता नव्हती. लष्करी प्रयोगशाळांत वीस टक्क्यांचे जिलेटिन दहा अंश सेल्सियसला वापरण्याची प्रथा होती. हा घोळ निस्तरला तो कर्नल मार्टिन फॅकलर यांनी. व्हिएतनाम युद्धात शल्यविशारद म्हणून प्रत्यक्ष जखमा हाताळलेले फॅकलर १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन लष्करी संशोधन संस्थेत जखमांच्या प्रक्षेपणशास्त्राची प्रयोगशाळा चालवीत होते. डुकराच्या मांडीच्या जिवंत स्नायूत गोळी जितकी खोल जाते, तितकीच ती दहा टक्क्यांच्या आणि चार अंश सेल्सियसला ठेवलेल्या जिलेटिनमध्ये जाते, असे त्यांनी दाखवून दिले. 'दहा टक्के, चार अंश' हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले.

हे सूत्र प्रयोगशाळेबाहेर पडण्यास एक रक्तरंजित घटना कारणीभूत ठरली. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराला पिस्तुलाची गोळी लागली होती. ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली, आणि तो मनुष्य त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. गोळी किती 'जोरात' बसते यापेक्षा ती किती खोल जाते हे महत्त्वाचे, हा धडा त्यातून घेतला गेला. १९८७ मध्ये क्वांटिको येथे तज्ज्ञांची बैठक झाली. फॅकलर त्यांत होते. पुढे एफबीआयने दहा टक्क्यांच्या जिलेटिनमध्ये किमान बारा आणि कमाल अठरा इंच, म्हणजे सुमारे तीस ते पंचेचाळीस सेंटीमीटर, असा शिरकावाचा दंडक घातला. पोलिसांच्या काडतुसांची निवड आजही याच मोजपट्टीवर होते.

पावडर ते ठोकळा

घरगुती ठोकळ्याची कृती ऐकायला सोपी आहे: एक भाग जिलेटिन, नऊ भाग पाणी. हे प्रमाण वजनाचे आहे, चमच्यांचे किंवा वाट्यांचे नव्हे. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. एअरगनसाठी पंधरा सेंटीमीटर रुंद, तितकाच उंच आणि वीस सेंटीमीटर लांब ठोकळा साधारण पुरतो. त्याचे आकारमान साडेचार लिटर, म्हणून सुमारे ४५० ग्रॅम पावडर आणि चार लिटरहून किंचित अधिक पाणी लागते. वजनकाटा ग्रॅमपर्यंत नेमका हवा.

पावडर कोणती, हा पुढचा प्रश्न. जिलेटिनची ताकद 'ब्लूम' या अंकाने सांगतात. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५ मध्ये पेटंट घेतलेल्या उपकरणावरून हे नाव आले. ६.६७ टक्क्यांची जेली दहा अंशांना सोळा ते अठरा तास ठेवायची आणि साडेबारा मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा दट्ट्या तिच्यात चार मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम भार लागतो ते पाहायचे. तो आकडा म्हणजे ब्लूम. प्रयोगशाळेत २५० ब्लूमचे, आम्लप्रक्रियेने काढलेले जिलेटिन वापरतात. केक आणि पुडिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानातली पावडर अनेकदा याहून सौम्य असते आणि पुष्कळदा पुड्यावर ब्लूमचा अंक छापलेलाच नसतो. अशा पावडरीचा दहा टक्क्यांचा ठोकळा प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यापेक्षा मऊ निघाला तर त्यात नवल नाही.

शाकाहारी पर्याय म्हणून अगर-अगर, म्हणजेच चायना ग्रास, वापरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. दिसायला तीही जेलीच. पण तिचा स्वभाव वेगळा. अगरची जेली ठिसूळ असते. जिलेटिन ताणले जाते आणि पुन्हा मिटते, अगर मात्र तडकते. तिच्यातून काढलेल्या मापाची मांसाशी तुलना करण्यात अर्थ नाही. ग्लिसरीन मिसळून टिकाऊ केलेले मिश्रण आणि खनिज तेलापासून बनवलेले काचेसारखे पारदर्शक कृत्रिम जेल यांच्याविषयीही हेच थोड्या फरकाने म्हणता येईल. कृत्रिम जेल फ्रीजमध्ये ठेवावे लागत नाही, सडत नाही, वितळवून पुन्हा ओतता येते, छर्रा कुठे थांबला ते लख्ख दिसते. या सोयींमुळे ते लोकप्रिय झाले. मात्र त्याची लवचीकता जिलेटिनसारखी नाही, आणि एकाच छऱ्याचे दोन पदार्थांतले माप जुळेलच असे नाही. दोन छऱ्यांची आपसात तुलना करायची असेल तर ते चालते. 'मांसात इतके सेंटीमीटर' असे विधान त्यावरून करणे चालत नाही.

पावडर थंड पाण्यात थोडी थोडी भुरभुरवत हलक्या हाताने ढवळायची आणि फ्रीजमध्ये दोनेक तास फुगू द्यायची. गरम पाण्यात एकदम टाकली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, आणि त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत. फुगलेले मिश्रण भांड्यासह दुसऱ्या, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून हळूहळू वितळवायचे. येथे घरगुती प्रयोगातली सर्वांत मोठी चूक घडते. मिश्रण लवकर वितळावे म्हणून ते थेट आचेवर चढवले जाते, क्वचित उकळलेही जाते. उष्णतेने प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेली कायमची दुबळी होते. फॅकलर आणि मॅलिनोव्स्की यांनी १९८८ मध्ये याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. मिश्रणाचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. चाळीस अंश म्हणजे जेमतेम कोमट. बोटाला चटका बसला तर मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे. साधा स्वयंपाकाचा तापमापक ही या प्रयोगातली वजनकाट्याइतकीच आवश्यक वस्तू.

जोरात घुसळल्यास फेस होतो आणि बुडबुडे ठोकळ्यात अडकतात. दालचिनीच्या तेलाचे काही थेंब फेस बसवतात, शिवाय बुरशीही लांबवतात. प्रयोगशाळांत बुरशीसाठी प्रोपिऑनिक आम्लही वापरतात. मिश्रण साच्यात ओतल्यावर ते आधी खोलीच्या तापमानाला घट्ट होऊ द्यावे आणि मग निदान दीड ते दोन दिवस चार अंशांना ठेवावे. एका रात्रीत वरून घट्ट झालेला ठोकळा आतून तयार झालेला नसतो. साडेचार किलोच्या वस्तूच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. घरच्या फ्रीजमध्ये चार अंश तापमान सर्व कप्प्यांत सारखे नसते. मागच्या भिंतीलगत ठोकळ्याची कड गोठूही शकते, आणि एकदा गोठलेल्या जिलेटिनची घडण बिघडते.

बीबीची कसोटी

इतके सगळे करूनही ठोकळा प्रमाणित झाला असे म्हणता येत नाही. त्यासाठी त्याच्यावर एक गोळी झाडावी लागते आणि ती गोळी म्हणजे बीबी: जेमतेम साडेचार मिलिमीटरची, सुमारे एक तृतीयांश ग्रॅम वजनाची पोलादी गोटी. ती सेकंदाला १८० मीटर वेगाने (५९० फूट) ठोकळ्यावर आदळली पाहिजे आणि साडेआठ सेंटीमीटर खोल शिरून थांबली पाहिजे. एका सेंटीमीटरचा फरक इकडेतिकडे चालतो. साडेसातपेक्षा कमी शिरली तर ठोकळा कडक, साडेनवापेक्षा अधिक शिरली तर मऊ. पोलिसांच्या पिस्तुलाची आणि सैन्याच्या रायफलीची परीक्षा घेणारा ठोकळा आधी मुलांच्या म्हणवल्या जाणाऱ्या या बंदुकीची परीक्षा उत्तीर्ण होतो!

बीबीची निवड विचारपूर्वक केलेली आहे. ती गोल असल्याने तिला पुढची-मागची बाजू नसते, त्यामुळे ती तिरकी होण्याचा प्रश्न नाही. ती पोलादाची असल्याने मऊ जिलेटिनमध्ये चपटी होत नाही, आणि एका डबीतल्या गोट्या बऱ्याच अंशी एकसारख्या असतात. म्हणजे माप बदलले तर दोष जिलेटिनचा किंवा वेगाचा, गोळीचा नव्हे. वेग मोजण्यासाठी क्रोनोग्राफ लागतो. त्यातल्या दोन प्रकाशसंवेदकांवरून गोळी जाते आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळावरून वेग निघतो. हौशी वापरासाठी त्याची छोटी यंत्रे मिळतात. हाताने पंप करून हवा भरण्याच्या बंदुका या कामाला सोयीच्या, कारण पंपाचे दट्टे कमी-अधिक करून वेग १८० च्या जवळ आणता येतो. क्रोनोग्राफ नसेल तर बीबीची कसोटी घेतल्याचा दावा करू नये. खोक्यावर छापलेला वेग हा जाहिरातीचा भाग असतो आणि तो अनेकदा सर्वांत हलक्या छऱ्याने मिळवलेला असतो.

कसोटी आणि प्रत्यक्ष मारा यांत फार वेळ जाऊ न देणे महत्त्वाचे. मे महिन्यातल्या पुण्या-नागपुरात चार अंशांचा ठोकळा टेबलावर अर्धा तास राहिला की त्याची बाहेरची बाजू मऊ पडू लागते, आणि एअरगनच्या छऱ्याचा सारा प्रवास बाहेरच्या काही सेंटीमीटरांतच संपत असल्याने मोठ्या रायफलीपेक्षा त्याचे माप अधिक चुकते. ठोकळा कसोटीत नापास झाला तर काही जण प्रमाणाचे गणित मांडून निकाल 'दुरुस्त' करतात: बीबी दहा सेंटीमीटर गेली, म्हणून सगळी मापे साडेआठ भागिले दहाने गुणायची. अगदी थोड्या फरकासाठी ते ठीक. पण निरनिराळ्या आकारांचे आणि वेगांचे छर्रे मऊ जिलेटिनला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. नवा ठोकळा ओतणे हाच प्रामाणिक मार्ग, जरी त्यात आणखी दोन दिवस मोडले तरी.

डमरूच्या आकाराचा छर्रा

एअरगनचा नेहमीचा छर्रा शिशाचा आणि डमरूसारखा: पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे आतून पोकळ असा घेर. हवेचा दाब या घेरावर पडतो, घेर पसरतो आणि नळीच्या आट्यांत घट्ट बसतो. वजन पुढे आणि घेर मागे असल्याने छर्रा हवेत बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ राहतो. याच आकारामुळे तो वेगही झपाट्याने गमावतो. म्हणून नळीच्या तोंडाशी घेतलेले माप आणि पंचवीस मीटरवरचे माप यांत मोठे अंतर पडते. कोणत्या अंतरावरून झाडला हे सांगितल्याशिवाय शिरकावाच्या आकड्याला अर्थ नाही. आणि वेगही शक्यतो ठोकळ्याजवळ मोजलेला हवा.

साडेचार मिलिमीटरचा मध्यम वजनाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा. त्याचा वेग सेकंदाला २५० मीटर असेल तर गतिज ऊर्जा सोळा ज्यूलच्या जवळ जाते. ब्रिटनमध्ये रायफलीच्या घडणीच्या एअरगनला साधारण इतकीच, बारा फूट-पौंडांची, मर्यादा आहे. कसोटीच्या बीबीची ऊर्जा साडेपाच ज्यूल असते. शिवाय छऱ्याच्या दर चौरस सेंटीमीटर छेदामागे बीबीपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक वस्तुमान असते. त्यामुळे घुमटाकार डोक्याचा असा छर्रा बीबीच्या साडेआठ सेंटीमीटरच्या बराच पुढे जातो, हे उघड आहे. पण ऊर्जा तिप्पट म्हणून शिरकावही तिप्पट, असा हिशेब लागू होत नाही. द्रवासारख्या पदार्थात अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जास्तीचा वेग पहिल्या काही सेंटीमीटरांतच खर्ची पडतो. जड छर्रा थोडा सावकाश निघाला तरी ऊर्जा समान असताना हलक्यापेक्षा बहुधा खोल जातो, त्याचे कारण हेच.

डोक्याचा आकार दुसरा घटक. स्पर्धेतला सपाट डोक्याचा छर्रा कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो, पण जिलेटिनमध्ये लवकर थांबतो. घुमटाकार सर्वांत खोल जाणाऱ्यांपैकी. टोकदार छऱ्याबद्दलच्या अपेक्षा मोठ्या असतात आणि त्या फारशा पुऱ्या होत नाहीत, कारण टोक जिलेटिन फाडते खरे, पण मागचा साडेचार मिलिमीटरचा देह त्यातून न्यावाच लागतो. पोकळ डोक्याचे छर्रे 'आत जाऊन फुलतात' असे खोक्यावर लिहिलेले असते. एअरगनच्या माफक वेगात, विशेषतः काही अंतर कापल्यानंतर, ते जिलेटिनमधून जवळजवळ मूळ आकारातच बाहेर काढले जाताना दिसतात. ठोकळ्याचा हा उपयोग निर्विवाद: जाहिरातीतला शब्द आणि चिमट्याने काढलेला शिशाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवता येतात.

माप घेताना छर्रा सध्या कुठे आहे हे न पाहता तो कुठवर गेला होता हे पाहायचे असते. जिलेटिन लवचीक असल्याने शेवटच्या टोकाला पोचलेला छर्रा थोडा मागे ढकलला जातो आणि पुढे एक बारीक चीर उरते. माप त्या चिरेच्या टोकापर्यंत. प्रत्येक प्रकाराचे निदान पाच छर्रे झाडावेत, दोन मार्गांत व कडेपासून काही सेंटीमीटर अंतर राखावे. एकाच भोकाच्या शेजारून गेलेला दुसरा छर्रा आधीच फाटलेल्या जिलेटिनमधून जातो आणि खोटी खोली दाखवतो.

जे ठोकळा सांगत नाही

फॅकलर यांचे सूत्र स्नायूपुरते आहे, आणि शरीर केवळ स्नायूंचे नसते. एअरगनच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडतो तो त्वचेचा. त्वचा चिवट आणि ताणली जाणारी असते. सावकाश आलेला छर्रा तिच्यावरून परत उडतो. उघड्या जिलेटिनमध्ये मात्र तोच छर्रा सहज काही सेंटीमीटर आत जातो. न्यायवैद्यकतज्ज्ञ व्हिन्सेंट डिमायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मृत माणसांच्या पायांवर प्रयोग करून त्वचा भेदण्यासाठी लागणारा किमान वेग मोजला. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यासाठी तो सेकंदाला ३३१ फूट, म्हणजे सुमारे १०१ मीटर, आला. साडेपाच मिलिमीटरच्या जड छऱ्यासाठी २४५ फूट, म्हणजे ७५ मीटर. पहिल्या वेगाला छऱ्याची ऊर्जा तीन ज्यूलपेक्षाही कमी भरते.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत, ज्या प्रकारात अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकले, छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सुटतो. त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूल असते. ऑलिंपिकमधली ही सौम्य म्हणता येईल अशी बंदूकही जवळून त्वचा भेदण्याइतकी समर्थ आहे. डोळ्याला तर त्वचेइतकाही वेग लागत नाही, आणि बीबी व छऱ्यांमुळे मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजा हा नेत्रवैद्यकातला जुना आणि दुःखद अध्याय आहे. बरगड्यांच्या मधून, कानशिलाच्या पातळ हाडातून किंवा डोळ्याच्या खोबणीतून गेलेल्या छऱ्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अशा जागी हृदय अगर मेंदू त्वचेपासून काही सेंटीमीटरच आत असतो. साडेआठ सेंटीमीटरांचे माप या संदर्भात वाचले की खेळणे हा शब्द वापरताना जीभ अडखळते.

त्वचेची उणीव भरून काढण्यासाठी काही हौशी प्रयोगकर्ते ठोकळ्यावर जाड कापड, चामडे किंवा कोंबडीची कातडी ताणून बसवतात. नुसत्या ठोकळ्यापेक्षा ते वास्तवाच्या जवळ जाते, पण या आवरणांसाठी बीबीसारखी सर्वमान्य कसोटी नाही. प्रत्येकाचे आवरण वेगळे, म्हणून प्रत्येकाचे निकालही वेगळे.

प्रयोगातील धोका ठोकळ्याच्या मागे आणि बाजूला असतो. मऊ निघालेल्या ठोकळ्यातून छर्रा आरपार जाऊ शकतो, म्हणून मागे छर्रा गिळणारा अडसर हवा: कागदांनी ठासून भरलेले खोके किंवा वाळू. पोलादी बीबी कठीण पृष्ठभागावर आपटली की थेट झाडणाऱ्याकडे परत येते. संरक्षक चष्मा नळीमागच्याने आणि प्रेक्षकांनीही घालायचा असतो. गच्ची किंवा गॅलरी ही या कामाची जागा नव्हे. वापरलेल्या जिलेटिनमध्ये शिसे मिसळलेले असते. त्याची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत, आणि उरलेला ठोकळा जनावरांच्या तोंडी लागेल असा उघड्यावर टाकू नये. छर्रे वेचून मिश्रण पुन्हा ओतता येते, मात्र प्रत्येक वितळवणीगणिक ते दुबळे होत जाते आणि बीबीची कसोटी नव्याने घ्यावी लागते.

कायद्याची मोजपट्टी

बातम्यांतील एका नावामुळे होणारा गोंधळ येथे दूर केला पाहिजे. काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगवण्यासाठी वापरल्या गेलेल्या, आणि २०१६ मध्ये शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्याने देशभर चर्चेत आलेल्या 'पेलेट गन' या एअरगन नाहीत. त्या बारा बोअरच्या पंप-अ‍ॅक्शन शॉटगन आहेत. त्यांच्या काडतुसात दारू असते आणि एका बारात शेकडो बारीक छर्रे पसरत सुटतात. एअरगनमध्ये दारू नसते, स्प्रिंगने दाबलेली किंवा टाकीत साठवलेली हवा एक छर्रा ढकलते. अर्थात हवा म्हणजे दुबळेपणा असेही नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांदोनी यांची हवेवर चालणारी रायफल युद्धासाठीच स्वीकारली होती.

निरनिराळ्या देशांनी सीमारेषा निरनिराळ्या ठिकाणी ओढल्या आहेत. जर्मनीत साडेसात ज्यूलच्या आतल्या एअरगन प्रौढांना परवान्याशिवाय घेता येतात. ब्रिटनमधील मर्यादा वर आलीच आहे. स्कॉटलंडने मात्र २०१६ च्या अखेरीपासून त्या मर्यादेतल्या एअरगनसाठीही प्रमाणपत्र सक्तीचे केले. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनी वीस ज्यूल ही सीमा ठरवली. त्याहून अधिक ऊर्जेच्या, किंवा ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा, मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यासाठी वीस ज्यूल म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ मीटर. त्वचा भेदण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या हे सातपट आहे. 'परवाना लागत नाही' या तीन शब्दांचा अर्थ 'इजा होत नाही' असा घेणाऱ्यांसाठी हा आकडा बोलका ठरावा. आणि परवाना लागो वा न लागो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रक्षिलेल्या पक्ष्या-प्राण्यावर झाडलेला छर्रा ही शिकारच. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एअरगन शासनाकडे जमा करण्याचे अभियान सुरू झाले आणि पुढे दोन हजारांहून अधिक बंदुका स्वेच्छेने परत आल्या, त्यामागे जंगलातले नाहीसे होत चाललेले पक्षी होते.

कायदा ऊर्जा मोजतो, खोली नव्हे. त्यामुळे एखादी एअरगन वीस ज्यूलच्या आत आहे का, हे जिलेटिनचा ठोकळा सांगू शकत नाही. त्यासाठी छऱ्याचे वजन आणि क्रोनोग्राफवरचा वेग एवढेच पुरते. वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचे, वेगाचा वर्ग करून त्याला गुणायचे आणि आलेल्या संख्येचे निम्मे करायचे. हे गणित निरनिराळ्या वजनांच्या छऱ्यांनी करून पाहावे लागते, कारण एकाच बंदुकीत हलका आणि जड छर्रा वेगवेगळी ऊर्जा दाखवतात. टाकीत हवा साठवणाऱ्या बंदुकीत बहुधा जड छर्रा वरचढ ठरतो, तर स्प्रिंगच्या बंदुकीत अनेकदा हलका.